आपल्या पंगतीत कोण बसले आहे?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "फादर, काना गावच्या लग्नात येशूने स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला. तुम्हीही रोज वेदीवर घेता. मग आम्ही थोडी घेतली तर पाप कसे?" विचारणारा हसत असतो, पलीकडे उभी असलेली त्याची पत्नी मात्र हसत नसते. म्हणून हा प्रश्न थट्टेवारी नेता येत नाही.

पहिली गोष्ट स्पष्ट आहे. द्राक्षारस हे देवाचे दान आहे. दारूचा थेंबही पाप, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे. त्यांच्या मते कोणतेही पेय स्वतःहून पापमय नसते. परंतु चार प्रसंगी ते घेणे अयोग्य ठरते. घेणाऱ्याला ते सहज बाधत असेल, त्याने न घेण्याचे व्रत केले असेल, त्याने मर्यादा ओलांडली असेल, किंवा त्याच्या पिण्याने दुसरा अडखळत असेल.

पहिल्या तीन गोष्टी आपल्याला पटतात. चौथी मात्र आपण विसरतो. "मी माझ्या पैशाने पितो, मर्यादेत पितो, कुणाला त्रास देत नाही," असे आपण म्हणतो. पण आपण एकटे जेवायला बसलेलो नसतो. पंगतीत शेजारी कोण आहे, हेही पाहावे लागते.

मी पूर्वी सेवा केलेल्या एका धर्मग्रामातील प्रसंग त्या व्यक्तीच्या परवानगीने सांगतो. त्याने आठ महिने दारूला हात लावला नव्हता. नात्यातल्या बाळाच्या स्नानसंस्काराचे जेवण होते. मांडवामागे उभ्या केलेल्या जीपमध्ये 'सोय' होती. पाहुण्यांनी आग्रह केला, "आजच्या दिवशी एक तरी घ्या, नाहीतर आमचा अपमान होईल." त्याने एक घेतला. त्यानंतर तो घरी पोहोचला चौथ्या दिवशी. आग्रह करणारा माणूस दुष्ट नव्हता आणि स्वतः मर्यादेत पिणारा होता. त्या दिवशी अधिक दोष कुणाचा, हे तुम्हीच ठरवा.

संत पौल रोमकरांस लिहितात की, ज्याने आपला बंधू अडखळतो ते खाणे-पिणे सोडून देणे चांगले (अध्याय १४). येथे ते दुर्बळाला दोष देत नाहीत, सबळाला जबाबदारी देतात. कायद्याची मदत होते, हे खरे. महाराष्ट्रात २००८च्या नियमांनुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, तर दारूचे परवानाधारक दुकान बंद होऊ शकते. पण तुमच्या-माझ्या मांडवामागची बाटली कोणत्या मतदानाने आडवी होणार? ती आपणच आडवी करायची आहे.

आता वेदीवरच्या द्राक्षारसाविषयी. मद्याचा थेंबही ज्यांना चालत नाही, अशा व्यसनमुक्तीच्या वाटेवरील धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने न आंबलेला द्राक्षांचा रस मिस्सात वापरता येतो. १९९५ साली रोमहून आलेल्या पत्रात तसे स्पष्ट केले आहे. विचार करा! प्रभूच्या मेजावरसुद्धा ख्रिस्तसभा दुर्बळ बंधूसाठी जागा करते. मग आपल्या जेवणावळीत आपण ती का करू नये?

काना येथे प्रभूने लग्नघराची अब्रू राखली. दारूने लग्नघराची अब्रू घालवलेली आपण डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून माझी विनंती आहे की, स्नानसंस्कार, पहिला परमप्रसाद आणि विवाह यांच्या जेवणात दारू ठेवू नका. जो 'नको' म्हणतो त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. पिऊन मोटारसायकलवर बसणाऱ्याची चावी काढून घ्या. पिऊन वाहन चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे आपली धर्मशिकवण (क्रमांक २२९०) सांगते.

भगिनींनो, पिऊन केलेली मारहाण मुकाट्याने सोसणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. लाज न बाळगता येऊन सांगा.

आणि जे या व्यसनात अडकले आहेत, त्यांनी निराश होऊ नये. व्यसन हा आजारही आहे आणि त्यावर उपचार आहेत. डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट यांनी १८८४ साली आधी फक्त तीन महिन्यांची शपथ घेतली होती. ती १९२५ साली मरेपर्यंत टिकली. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' घोषित केले. तुम्ही तीन महिन्यांचे ठरवू नका, आजच्या दिवसाचे ठरवा. माझे दार उघडे आहे.

प्रभू आपल्या घरांना शांती देवो.

तुमचा फादर