घरातला अन्याय आणि वडीलधाऱ्यांचे मौन

बायबलच्या जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात, म्हणजे प्राचीन इस्राएलचे व्यवहारज्ञान आणि ईश्वरनिष्ठा एकत्र गुंफणाऱ्या वचनांच्या ३१ अध्यायांच्या संग्रहात, घराचा विषय पुन्हापुन्हा येतो. ग्रंथ शलमोन राजाच्या नावावर असला तरी तो एका हातचा नाही. २५व्या अध्यायापासूनची वचने यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून काढल्याची नोंद ग्रंथातच आहे. या वचनांत घर मोडते ते बहुधा घरातल्याच माणसाच्या हातून. लाचेच्या मागे लागलेला कर्ता पुरुष, वडिलांना लुबाडून आईला घराबाहेर काढणारा मुलगा, भरल्या घरात रोज उकरून काढलेले भांडण, ही त्याची उदाहरणे होत.

हे दोष निदान ओळखू येतात. याहून घातक दोष तो, जो सद्गुणाचे रूप घेऊन घरात वावरतो आणि ज्याला शांतता, समजूतदारपणा किंवा घराण्याची अब्रू अशी नावे मिळतात. तो म्हणजे घरात अन्याय झाल्याचे कळूनही वडीलधाऱ्यांनी पाळलेले मौन. त्याचे परिणाम बायबलमध्ये सर्वांत स्पष्टपणे दिसतात ते इस्राएलच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या ‘२ शमुवेल’ या ग्रंथाच्या १३व्या अध्यायात.

दावीद राजाचा थोरला मुलगा अम्नोन याची आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर वाईट नजर होती. चुलतभाऊ योनादाब याच्या सल्ल्यावरून त्याने आजाराचे सोंग घेतले, आणि राजाने स्वतःच निरोप धाडून तामारेला त्याच्या घरी स्वयंपाक करण्यासाठी पाठवले. तिथे त्याने तिच्यावर बलात्कार केला. तिने आधी नकार दिला होता, कारणे देऊन विनवले होते. त्या साऱ्या प्रसंगात विवेकाने बोलणारी ती एकटीच होती. नंतर अम्नोनाने चाकराकरवी तिला बाहेर काढून दार लावून घेतले, तेव्हा ती अंगावरचा झगा फाडून, डोक्यात राख घालून आक्रोश करीत निघाली. तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने तिला आसरा दिला, परंतु अम्नोन आपला भाऊच आहे, तेव्हा गप्प राहा, असेही सांगितले. राजाच्या कानी हे गेले आणि तो फार संतापला. त्या संतापातून पुढे काय घडले याविषयी मूळ हिब्रू पाठात एक शब्दही नाही. ‘सेप्टुआजिंट’ या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र कारण दिले आहे: अम्नोन थोरला होता, राजाचा त्याच्यावर जीव होता, म्हणून त्याने त्याला दुखवले नाही.

दाविदाचे हे मौन मायेचे होते असे म्हणता येईल, पण ती माया एकाच अपत्याच्या वाट्याला आली आणि तिची किंमत दुसऱ्या अपत्याने मोजली. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त अवस्थेत राहिली, आणि न्याय न मिळालेल्या घरात सूड वाढू लागला. दोन वर्षांनी मेंढ्यांच्या लोकर कातरणीच्या मेजवानीत अबशालोमाने अम्नोनाचा वध करवला, पुढे त्याने हेब्रोनातून बापाविरुद्ध बंड पुकारले आणि एफ्राइमाच्या रानात तोही मारला गेला. आरंभी गप्प राहिलेला दावीद शेवटी मुलाच्या नावाने टाहो फोडून रडला. दुसरा एक मुलगा अदोनीया याच्याविषयी ‘१ राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे की, तू असे का केलेस, असे विचारून बापाने त्याला कधीही दुखवले नव्हते. त्यानेही सिंहासन बळकावण्याचा प्रयत्न केला आणि शलमोनाच्या आज्ञेने जीव गमावला.

नीतिसूत्रांतून मुलांना छडी मारण्याविषयीची वचनेच तेवढी उचलणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा, कारण दाविदाच्या घरी उणीव छडीची नव्हती, जाब विचारण्याची होती. आणि मुलांना चिडीस आणून खचवू नका, असे नव्या करारातील कलस्सैकरांस पत्रात बापांना स्पष्ट बजावले आहे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश आहे, आणि ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघडणे हे राजाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. हे कर्तव्य घरातील कर्त्या माणसालाही तितकेच लागू आहे, कारण मूल आपले गाऱ्हाणे पहिल्यांदा त्याच्याच दारी आणते.

तामारेला जे सांगण्यात आले तेच शब्द आजही मुलींना, आणि मुलग्यांनाही, घरातच ऐकावे लागतात: आपलाच माणूस आहे, बोलू नकोस. भारतात बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हे मौन अपराध ठरवले आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे आणि त्यातून नातेवाइकांना सूट नाही. ज्या घरात असे काही घडल्याचे वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, त्यांनी आजच त्या मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, ते खरे मानावे आणि पोलिसांकडे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.