परिग्रह-परिमाण : मर्यादा कुठे आखावी?

जैन साधू अपरिग्रहाचे महाव्रत घेतो. त्याला संपत्ती ठेवायचीच नसल्याने किती ठेवावी हा प्रश्न उरत नाही. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, तो सुटत नाही. त्याच्या ५ अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण हे आपल्या मालमत्तेची कमाल मर्यादा स्वतःच ठरवून घेण्याचे व्रत आहे. जमीन-घर, सोने-चांदी, धन-धान्य यांचे ठरवलेले प्रमाण ओलांडणे हा अतिचार (व्रतातला दोष), असे उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ सांगते; ते प्रमाण किती असावे, हे मात्र सांगत नाही.

सांगताही आले नसते. ९९ तोळ्यांपर्यंत गरज आणि १०० व्या तोळ्यापासून हाव, अशी रेघ सोन्यावर उमटलेली नसते. ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिदीस याने इ. स. पूर्व ४ थ्या शतकात हाच पेच ढिगाच्या रूपाने मांडला होता: एकेक दाणा काढत गेल्यास ढीग नेमका कोणत्या दाण्याला संपतो? तर्काला येथे उत्तर सापडत नाही, आणि लोभ याच फटीतून आत येतो. आणखी एका तोळ्याने काय बिघडते, या प्रश्नाला दर वेळी ‘काही नाही’ हेच खरे उत्तर असते. म्हणून मोह समोर येण्याआधीच आकडा ठरवायचा.

‘उपासकदशांग’ या जैन आगमातील आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. महावीरांपुढे व्रत घेताना तो १२ कोटींचे सुवर्णधन, दहा-दहा हजार गुरांचे ४ कळप आणि ५०० नांगरांची जमीन राखून ठेवतो. होते तेवढे सगळे राखले, मग त्याग कसला, अशी शंका येते. पण वाढत्या संपत्तीला ‘इथपर्यंतच’ म्हणणे हाच इथला त्याग आहे, आणि तो लहान नाही.

आकडा पाळूनही व्रत पोकळ करता येते. हेमचंद्रांनी १२ व्या शतकात ‘योगशास्त्रा’त अशा वाटा बारकाईने नोंदवल्या आहेत: मधला बांध काढून दोन शेतांचे एक करणे, गाभण गाईच्या पोटातले वासरू न मोजणे, जास्तीचे सोने व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवणे. संख्या तीच राहते, म्हणून हा पूर्ण भंग नव्हे; हेतू मोडतो, म्हणून अतिचार.

श्रावक जाण्या-येण्यासाठी घालून घेतो त्या दिशांच्या मर्यादेलाही हाच न्याय लागतो. दिग्व्रताने जन्मभरासाठी आखलेले क्षेत्र देशावकाशिक व्रतात ठरावीक काळापुरते आणखी लहान करता येते. वाढवणे मात्र अतिचार ठरते.