सोने, अग्नी आणि मूस



आज पास्काकाळाचा दुसरा रविवार, म्हणजेच देवाच्या दयेचा रविवार. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली या रविवारला हे नाव दिले. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पेत्र आपल्या विश्वासाची तुलना सोन्याशी करतात. सोने नाशवंत असूनही त्याची पारख अग्नीत होते, मग विश्वासाची पारख झाल्यावाचून कशी राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे (1 पेत्र 1:7).

उपासनेच्या चक्राप्रमाणे हे वाचन या रविवारी दर तीन वर्षांनी येते. मागच्या खेपेला आम्ही यावर जे प्रवचन केले ते अनेकांना आवडले होते. मिस्सा संपल्यावर लोक मुद्दाम भेटायला थांबले. 'तावून सुलाखून निघणे' हा आपल्या मराठीतला वाक्प्रचार कुठून आला हे आम्ही त्या दिवशी सविस्तर सांगितले होते. धातू आधी आगीत तावायचा, मग सुलाख म्हणजे लोखंडी सळई खुपसून आतून तो खरा की खोटा हे पाहायचे. संकटे म्हणजे परमेश्वराची आग, तिला भिऊ नका, असा आमचा समारोप होता. आज त्याच प्रवचनाची दुरुस्ती करायची आहे.

त्या वर्षी आपल्या धर्मग्रामातला एक मुलगा दुसऱ्यांदा नीट परीक्षेला बसणार होता. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीने हे लिहीत आहोत. पहिल्या खेपेला थोडक्यात प्रवेश हुकला, म्हणून वडिलांनी जमीन गहाण ठेवून त्याला लातूरला क्लास लावून दिला. एप्रिलमध्ये मुलगा दोन दिवसांसाठी घरी आला आणि म्हणाला, आता झेपत नाही. वडील वाईट मनाचे नाहीत. ते त्याला म्हणाले, "परवाच फादरांनी सांगितलं की सोनं आगीतूनच निघतं. जा परत." मुलगा परत गेला. परीक्षेला चार दिवस उरले असताना तो खोलीतून निघून गेला. नऊ दिवस त्याचा पत्ता नव्हता. नवव्या दिवशी उदगीरहून एका नातेवाइकांचा फोन आला, तेव्हा त्या घरात पुन्हा चूल पेटली. त्याची आई आम्हाला भेटायला आली. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "फादर, आग तर घरीबी होती, क्लासातबी होती. लेकराला धरायला कुणी नव्हतं."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते पुढे भलत्याच ठिकाणी सापडले.

गेल्या वर्षी वेदीवरच्या घंटेला चीर गेली. तुमच्यापैकी काहींना तिचा तो बसका आवाज आठवत असेल. नवी विकत घेण्याऐवजी तिचेच कासे वितळवून पुन्हा घंटा ओतून घ्यावी असे ठरले आणि आम्ही नांदेडच्या जुन्या भागात एका वयस्क ओतारीकाकांकडे गेलो. ओतारी म्हणजे धातू ओतून मूर्ती, घंटा, घुंगरे करणारे कारागीर. आता ही घरे थोडी उरली आहेत. तयार मूस बाजारात मिळते, तरी काका आपली मूस घरीच करतात. मूस म्हणजे धातू वितळवण्याचे मातीचे भांडे. दिसायला अगदी गबाळे, पाणी प्यायलाही कोणी हातात घेणार नाही असे. पण कासे वितळते तेव्हा साधारण 900 अंशांची आग असते, सोन्याला 1064 अंश लागतात आणि तांब्याला 1085. लोखंडी कढई एवढ्या उष्णतेत लाल होऊन मऊ पडते, आणि तांब्यासारख्या धातूत तिचे लोखंडही थोडेफार उतरते. मातीची मूस मात्र उभी राहते आणि आतल्या धातूत आपले काही मिसळू देत नाही.

इथे एक कबुली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलची चार कारणे पाठ केली होती. पुतळा घ्या: कासे हे त्याचे द्रव्य, घडवलेला आकार हे त्याचे रूप, शिल्पकार हा कर्ता, आणि ज्यासाठी पुतळा करायचा ते प्रयोजन. परीक्षेत आम्हाला चांगले गुण मिळाले. पण ते कासे वितळताना कशात धरले होते, हे वर्गात कोणी विचारले नाही आणि आमच्याही डोक्यात आले नाही. संत पेत्रांच्या वचनाचेही आम्ही तेच केले होते. सोने पाहिले, अग्नी पाहिला, आणि दोहोंच्या मध्ये काय असते ते पाहिलेच नाही. पवित्र शास्त्राने मात्र ते पाहिले आहे. नीतिसूत्रांत (17:3) परमेश्वर अंतःकरणे पारखतो असे सांगताना चांदीसाठी मुशीचा उल्लेख आधी येतो.

काकांना आम्ही विचारले, आपल्या शेतातली काळी माती चालेल का? ते हसले. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्या रानात मे महिन्यात पाय अडकेल अशा भेगा पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुशीला वारुळाची माती लागते, किंवा देगलूर-बिलोलीकडे खडकाची झीज होऊन पांढरट माती झालेली असते तसली. ती चाळायची, भिजवायची, आणि तिच्यात भाताचे तूस व लीद घालून पायाने तुडवायची. पहिल्या आगीत तूस जळून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून वाफ निघून जाते, मूस तडकत नाही. ही रीत जुनी आहे. रसरत्नसमुच्चय या आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथातही वज्रमूषेचे प्रमाण दिलेले आहे: तीन भाग माती, आणि तिच्या जोडीला ताग, लीद, जळलेले तूस, लोखंडाचे कीट.

पण आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. काकांच्या अंगणात कोपऱ्यात फुटक्या मुशींचा ढीग होता. आम्हाला वाटले, कचरा. काकू त्यातलाच एकेक तुकडा उखळात घालून कुटत होत्या. ती पूड नव्या मातीत जात होती. आम्ही विचारले तेव्हा काका म्हणाले, "फुटकी फेकायची नसती, फादर. नवी माती वाळताना आकसती अन् तडा जातो. ही एकदा आगीतून जाऊन आलीय, आता आकसत न्हाई. ही आत असली की नवीला धरून ठेवती."

हे शहाणपण एकट्या काकांचे नाही. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाबाद जिल्हा लागतो. पूर्वी तो आणि आपला मराठवाडा एकाच निजामाच्या राज्यात होता. तिथले कोनासमुद्रम हे गाव मुशीत बनवलेल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते. 1820 च्या सुमारास व्हॉयसे नावाचे इंग्रज डॉक्टर तिथे गेले, तेव्हा त्यांना पोलाद खरेदीसाठी इराणमधल्या इस्फहानहून आलेला एक व्यापारी भेटला. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालून, तोंड मातीनेच लिंपून, ती रात्रंदिवस भट्टीत ठेवत. व्हॉयसे यांनी त्या मुशींच्या मातीचे जे वर्णन केले आहे त्यात भाताचे तूस आहे आणि जुन्या भट्ट्यांचे दळलेले तुकडेही आहेत. इस्फहानच्या व्यापाऱ्याने पोलाद नेले. कुटलेल्या तुकड्यांची किंमत कोणी केली नसणार.

बंधुभगिनींनो, हे ऐकताना आम्हाला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काय झाले ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती हजारो माणसांवर कोसळल्या. पुढे 2001 च्या जानेवारीत गुजरातेत कच्छला भूकंप झाला. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर आपल्या याच भागातल्या खेड्यांतल्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, मुलूख अनोळखी. पण ज्या बाईचे घर पडले आहे तिच्याशी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे त्यांना जेवढे कळत होते तेवढे दुसऱ्या कोणाला कळणार? एकदा आगीतून गेलेली माती आकसत नाही, म्हणजे काय, ते आम्हाला असे समजले.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे या (योहान 20:19-31). संत थोमाला आपण फार घाईने 'संशयी' म्हणतो. पण थोडे थांबून दिवस मोजा. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी तो शिष्यांबरोबर नव्हता. परत आल्यावर त्याने त्यांच्या साक्षीवर विश्वास ठेवायला साफ नकार दिला. त्यानंतर प्रभू पुन्हा आला तो आठ दिवसांनी, आणि त्या वेळी थोमा त्यांच्याबरोबर घरात होता. हे आठ दिवस काय झाले ते योहान सांगत नाही. पण एवढे नक्की की दहा जणांनी त्याला हाकलले नाही आणि तोही उठून गेला नाही. त्यांनी प्रभूला पाहिले होते, त्याने पाहिले नव्हते, तरी एका छताखाली, एकाच भाकरीवर ते राहिले. आणि ते दहा जण तरी कोण? अटकेच्या रात्री पळालेले. त्यांत पेत्र, तीनदा नाकारलेला. फुटक्या मुशींची पूडच ती. म्हणून ते त्याला धरू शकले. पहिल्या वाचनात प्रेषितांच्या कृत्यांतली जी एकत्र राहणारी, वाटून खाणारी ख्रिस्तसभा दिसते (2:42-47), तिची सुरुवात आम्हाला त्या आठ दिवसांत दिसते.

याच्या उलट ईयोबाचे मित्र. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत (ईयोब 2:13). सात दिवस ते मूस होते. मग बोलायला लागले आणि भाता झाले. तीन वर्षांपूर्वी त्या मुलाच्या घरासाठी आम्हीही भाताच झालो, तोही व्यासपीठावरून.

कोणी म्हणेल, फादर आता शिकू नका म्हणायला लागले. तसे नाही. लातूर पॅटर्नने आणि नांदेडच्या क्लासेसनी शेतकऱ्यांची, मजुरांची मुले डॉक्टर केली, हे आम्ही जाणतो. आपल्या धर्मग्रामातही ती उदाहरणे आहेत. आग खोटी नाही. पण काका ओली मूस कधी भट्टीत ठेवत नाहीत. आम्ही दोनदा फोन करून घंटा कधी होईल असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "लई घाई करायलाव फादर तुम्ही. वरून वाळल्यागत दिसती, आत ओल असती. आगीत गेली की फुटती, अन् माल बी जातो." मूस आधी सावलीत वाळवायची, उन्हात नाही. मग भट्टीच्या कडेला पालथी घालून हळूहळू तापवायची. तेवढे झाल्यावरच ती आगीत जाते. आणि ती आगीत असेपर्यंत काका समोरून उठत नाहीत. मलाखी संदेष्ट्याने (3:3) परमेश्वराला चांदी गाळणारा म्हटले आहे, आणि तो गाळायला बसेल असे म्हटले आहे. 'बसेल' हा शब्द आम्ही इतकी वर्षे नुसता वाचत होतो.

परमेश्वर उठून जात नाही. आपण जातो. आपल्या धर्मग्रामातली मुले लातूरला आणि नांदेडला दहा बाय दहाच्या खोल्यांत तिघे-तिघे राहतात. त्यांना डबा पोचतो, फी पोचते, आणि रोज रात्री एक फोन पोचतो: टेस्टमध्ये किती पडले? सतरा-अठरा वर्षांचे लेकरू वरून वाळल्यासारखे दिसते. आतली ओल त्या फोनवर कळत नाही.

नीटची परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो. पालकांनी या आठवड्यात निदान एकदा मुलाजवळ जाऊन बसावे आणि गुणांविषयी काही विचारू नये. दोन्ही शहरांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी रविवारच्या मिस्सानंतर या मुलांपैकी एकाला तरी घरी जेवायला न्यावे. ज्यांना स्वतः कधी अपयश आले आहे, ज्यांचे शिक्षण सुटले, धंदा बसला, ज्यांनी घरातले माणूस गमावले, अशांची आम्हाला विशेष गरज आहे. निकालाच्या दिवशी पॅरिश हॉल सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा राहील. पास झालेल्यांचा सत्कार पुढच्या रविवारी करू; त्या दिवशी हॉलमध्ये फुलेही नकोत आणि भाषणही नको. चहा आणि पोह्यांची सोय महिला मंडळाने घेतली आहे. तिथे बसायला किमान दहा जण हवेत. नावे मिस्सानंतर आमच्याकडे द्यावीत.

पहिले नाव आले आहे. उदगीरहून परत आलेल्या त्या मुलाने ते स्वतः दिले. तो आता नांदेडला दुसरेच काही शिकतो आणि त्यात रमला आहे. "नापास झालेल्यांच्या शेजारी मी बसतो," असे तो म्हणाला.

घंटा तयार झाली आहे. आज अर्पणविधीनंतर ती पहिल्यांदा वाजेल. जिच्यात तिचे कासे वितळले ती मूस दुसऱ्या ओताच्या वेळी फुटली. तिचा एक तुकडा आम्ही काकांकडे मागितला होता. त्यांनी दिला नाही. म्हणाले, पुढच्या मुशीला लागेल.

प्रभूच्या सेवेत,
तुमचे धर्मगुरू