देव्हाऱ्यातला कापूर, छातीवरचा कापूर

आरतीच्या ताटात कापराला जागा मिळाली ती त्याच्या एका गुणामुळे. तो पेटतो, उजेड आणि सुवास देतो, आणि मागे राख ठेवत नाही. मीपण असं जळून जावं, या अर्थाने कीर्तनकार त्याचा दृष्टांत देतात, आणि त्या अर्थाला कुठल्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. तीच वडी खोबरेल तेलात विरघळवून तान्ह्या बाळाच्या छातीला चोळतात, ओव्याबरोबर फडक्यात बांधून त्याच्या नाकाशी धरतात. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या लाटेत, तर कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे चार थेंब अशी पोटली हुंगत राहिल्यास रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप फोनाफोनी फिरत होता. या सगळ्यामागे सहसा न बोललेलं एक अनुमान असतं: जे देवापुढे चालतं ते बाळाला बाधेल कसं? पावित्र्यातून औषधाची खात्री निघते का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते निघत नाही. आणि हे म्हणायला श्रद्धेच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागत नाही. आपल्याच दर्शनांनी ती वाट फार पूर्वी बंद केलेली आहे.

आधी कापराच्या पदरात जे पडतं ते पाडू. कापूर, मेन्थॉल आणि निलगिरी यांचं मलम सर्दी झालेल्या मुलांना रात्री लावून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एक अभ्यास झाला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. दोन ते अकरा वर्षांच्या १३८ मुलांत ज्यांना हे मलम लावलं, त्यांची झोप नुसतं व्हॅसलीन लावलेल्यांपेक्षा बरी झाली, असं पालकांनी सांगितलं. त्वचेची आणि डोळ्यांची चुरचुरही याच गटात जास्त होती, पण झोप मिळाली ही लहान गोष्ट नव्हे. मात्र नाक खरोखर मोकळं होतं का? १९८३ साली ब्रिटनमध्ये कापूर, निलगिरी आणि मेन्थॉलच्या वाफेचा परिणाम मोजला गेला, तेव्हा नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा होता तेवढाच राहिला. वाढली ती हवा खेळत असल्याची जाणीव. ही द्रव्यं नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतात, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘श्वास मोकळा झाला’ असा लावतो. साध्या सर्दीत हा भास सुखाचा असतो. पण फुफ्फुसं निकामी होत असलेल्या माणसाला पोटलीने बरं वाटलं आणि त्यामुळे दवाखाना गाठायला उशीर झाला, तर तोच भास जिवावर बेतू शकतो.

आता दुसरी बाजू. बुडापेस्टचा मनोविकारतज्ज्ञ लादिस्लास मेदुना याने जानेवारी १९३४ मध्ये एका मनोरुग्णाला तेलात विरघळवलेल्या कापराचं इंजेक्शन दिलं. हेतू एकच होता: त्याला फिट यावी. फिट आली, आणि आकडी आणून मनोविकारावर उपचार करण्याची आधुनिक पद्धत तिथून सुरू झाली. विजेच्या झटक्याचा उपचार नंतरचा. म्हणजे फिट आणणं हा कापराचा अपघाती दोष नाही, तो त्याचा गुणधर्मच आहे, आणि एका डॉक्टरने तो मुद्दाम वापरला. हाच कापूर रांगत्या मुलाच्या पोटात गेला तर काय होतं, याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. साधारण एक ग्रॅम कापराने लहान मूल दगावू शकतं, आणि गिळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, कधी काहीच पूर्वसूचना न देता, आकडी येऊ शकते. अमेरिकेत एरंडेल समजून चुकून कापूरतेल पाजल्याचे प्रकार इतके झाले की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या औषध नियामकाने कापूरतेल बाजारातून काढलं आणि इतर मलमांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घातली. आरतीच्या शुद्ध कापरात हे प्रमाण शंभराच्या जवळ असतं, आणि ताटात तो बहुधा खडीसाखरेच्या शेजारी असतो. कापूर त्वचेतून आणि श्वासातूनही अंगात जातो. ज्याचं यकृत अजून पुरतं तयार झालेलं नाही अशा बाळाला तो बाहेर टाकायला वेळ लागतो. दोन वर्षांखालच्या मुलांना अशी मलमं लावू नयेत असं डब्यावर छापतात ते याचसाठी.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येतो: परंपरेने सांगितलेल्या गोष्टीला असं तपासायचं म्हणजे परंपरेवरच संशय घेणं. इथे गौतमाची न्यायसूत्रं आठवावीत. वेद प्रमाण का मानावेत, याचं उत्तर देताना त्यांनी दाखला दिला आहे मंत्राचा आणि आयुर्वेदाचा. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचा उलगडा आहे: हे करा म्हणजे बरं वाटेल, ते टाळा म्हणजे अपाय टळेल, असं आयुर्वेद सांगतो आणि ते अनुभवाला उतरतं, म्हणून सांगणारे विश्वासार्ह, आणि म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या विषयातही त्यांचं ऐकावं. युक्तिवादाची दिशा लक्षात घ्या. औषध पडताळून पाहता येतं, त्या पडताळ्याच्या आधारावर पुढचा विश्वास उभा राहतो. आज आपण ही गाडी उलटी जुंपली आहे: वस्तू पवित्र आहे, म्हणून औषध खरं. वात्स्यायन असं म्हणत नाही. मीमांसकांनीही दृष्ट फळ आणि अदृष्ट फळ वेगळं केलं. आरतीचं पुण्य अदृष्ट, ते मोजायला कोणी जाऊ नये. खोकला थांबणं हे दृष्ट, ते थांबलं की नाही हे कोणालाही पाहता येतं. आणि चरकाने तर जगातलं कोणतंही द्रव्य औषध होऊ शकतं असं म्हणतानाच युक्ती आणि हेतू यांची अट घातली; तीव्र विषही योग्य योजनेने उत्तम औषध होतं आणि औषध चुकीच्या योजनेने विष होतं, हेही त्याचंच मत. कापराला जन्मजात निर्दोष मानणं हे चरकाला धरून नाही.

दुसरा आक्षेप असा की हे नैसर्गिक आहे. तो लवकर निकालात निघतो: पूजेचा आजचा बहुतेक कापूर चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, आणि झाडातूनच काढला असता तरी फरक नव्हता, धोतराही झाडच आहे. तिसरा आक्षेप जास्त दमदार आहे: पिढ्यानपिढ्या आज्यांनी हे केलं, काही झालं नाही. पण ज्यांना काही झालं नाही त्यांनीच ते पुढे सांगितलं. ज्या काळात कितीतरी बाळं वर्षाच्या आत जात, त्या काळात एखाद्या बाळाची आकडी दृष्टीवर, बाहेरच्या वाऱ्यावर किंवा दातांवर टाकली जाई. कापराच्या नावावर मांडणार कोण? आधुनिक औषधांनीही अपाय होतो, हे मात्र पूर्ण खरं आहे. जास्त पॅरासिटामॉलने यकृत जातं. म्हणूनच तिथे मात्रा लिहिलेली असते, आणि मात्रा चुकली की दोष कुठे शोधायचा हे ठरलेलं असतं.

उरतो तो सर्वांत नाजूक मुद्दा. समजा गुण कमी आणि समाधान जास्त, तरी त्या समाधानाची किंमत नाही का? मोठ्या माणसाबाबत आहे. दाढ ठणकताना लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाताशी धरणारा, किंवा सर्दीत मलम चोळून घेणारा माणूस आपल्या समजुतीवर आपला धोका पत्करतो. ज्याला आधीच फिट येते अशाने मात्र कापूर-निलगिरीच्या बामपासून दूर राहावं. अशा वासाने आणि चोळण्याने आकडी आल्याच्या नोंदी भारतातल्या मज्जाविकारतज्ज्ञांनीही केल्या आहेत. बाळाची गोष्ट वेगळी. त्याची श्रद्धा नाही, त्याला समाधानही मिळत नाही. पोटली बांधून समाधान मिळतं ते आईला आणि आजीला, आणि जोखीम जाते बाळाच्या वाट्याला. वात्स्यायनाने विश्वासार्ह माणसाच्या लक्षणांत वस्तूचं प्रत्यक्ष ज्ञान आणि ते आहे तसं सांगण्याची इच्छा यांच्या जोडीला भूतदयाही मोजली आहे. बाळाबाबत त्या दयेचा अर्थ साधा आहे: आरती आटोपली की कापराचा डबा मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर जावा, वर्षाच्या बाळाचं नाक सलाइनच्या थेंबांनी साफ करावं, आणि वडी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता कापराचं पाकीट हातात घेऊन थेट दवाखान्यात निघावं.