दहा पोळ्यांचा हिशेब

संध्याकाळी साडेसातला आमच्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रासमोर रांग लागते. कुणाचं हेल्मेट काखेत, कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अजून तसंच. "दहा पोळ्या, पाव किलो मटकीची उसळ," एवढंच बोलणं, तेही हळू आवाजात, उधार मागायला आल्यासारखं. परवा त्या रांगेत मीही होतो.

घरी आल्यावर पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. पीठ ४५ रुपये किलो. किलोत तीसेक पोळ्या होतात, म्हणजे पोळीमागे दीड रुपया. तेल, मीठ, गॅस सगळं धरून अडीच. केंद्रात एक पोळी १२ रुपयांना. "जवळजवळ पाचपट घेतात!" मी म्हणालो. बायकोने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "लाटणारीचे किती धरलेस?"

धरलेच नव्हते.

'घरचं स्वस्त पडतं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ते खरं ठरतं ते याच एका रकान्यामुळे. तो कायम कोरा. आमच्या आईने रोज पंधरा पोळ्या धरल्या तरी चाळीस वर्षांत दोन लाखांच्या वर लाटल्या. कणीक तिंबायची, झाकून ठेवायची, घडी घालताना आत तेलाचं बोट फिरवायचं, कडा पातळ ठेवून लाटायचं. तव्यावर फुगलेली पोळी काढली की दोन्ही हातांत धरून जरा चुरगाळायची, म्हणजे पापुद्रे सुटतात. आजच्या भावाने त्या पोळ्यांचे सव्वीस लाख होतात. आईला हा आकडा सांगितला असता तर ती रागावलीच असती. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, असं ती म्हणायची. लाटणारीच्या मोजाव्यात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईच्या गिरणगावात त्या मोजल्या गेल्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून यायचा आणि चाळीतल्या एखाद्या खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. पैसे पगार झाल्यावर. तोवर ती वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायची, वर व्याज भरायची. म्हणजे गिरणीची पाळी जिच्या भाकरीवर चालायची, ती स्वतः कर्जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. विकतचं जेवण म्हणजे हल्लीचं खूळ, असं जे म्हणतात त्यांनी लालबाग-परळच्या त्या खोल्या आठवाव्यात. तिथलं जेवण विकतचं होतं आणि घरातलंही.

तेव्हा १२ रुपयांबद्दल माझी तक्रार आता उरलेली नाही. त्यात गाळ्याचं भाडं आहे, घरच्यापेक्षा महाग पडणारा १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर आहे, आणि कुणाची तरी मजुरी आहे. मोबाइलवरून मागवलेल्या वरणभाताचं मात्र मला अजून पटत नाही. पॅकिंगचे वेगळे, अ‍ॅपचे वेगळे, आणून देण्याचे वेगळे; आणि झाकण उघडावं तर आतल्या वाफेने गिचगोळा झालेला भात. कुकरला तीन शिट्ट्या द्यायचा कंटाळा इतका महाग नसावा. अर्थात आमच्या घरी कुकर कोण लावतं, हा प्रश्न आहेच. हिशेब मांडला त्या दिवसापासून कुकर मी लावतो. पोळ्या अजून जमत नाहीत, नकाशे होतात.

काल केंद्र बंद व्हायच्या वेळेला पोचलो. पोळ्या लाटणाऱ्या मावशी पोळपाट धुऊन भिंतीला टेकवत होत्या. दिवसभरात किती झाल्या, विचारलं. "साडेतीनशेच्या आसपास." मनगट दुसऱ्या हाताने दाबत त्यांनी पिशवी उचलली. मी म्हटलं, "घरी नेताय ना थोड्या?"

"छे! आमच्या मालकांना नाही चालत इथल्या." चपला पायात सरकवत त्या म्हणाल्या, "त्यांना तव्यावरची गरम लागते. जाऊन कणीक भिजवायचीये अजून."