ठिणगी गळते कुठे?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 67.

भगवंत सांगतात, विषयांत फिरणाऱ्या इंद्रियांपैकी ज्या एकामागे मन धावतं, ते एकच माणसाची बुद्धी ओढून नेतं. पाण्यातली नाव वाऱ्याने ओढून न्यावी, तशी.

श्लोक पाठ होता. कळला मात्र मिनेसोटातल्या एका तळ्यात, बंद पडलेल्या बोटीत बसून.

आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. माझ्याकडे एक छोटी बोट आहे आणि तिला 1956 सालचं, 10 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं जुनं इंजिन. मागे टांगायचं, दोरी ओढून सुरू करायचं. त्या रविवारी सकाळी आमच्या ऑनलाइन वाचनात स्थितप्रज्ञाची लक्षणं झाली होती. मीच वाचली, मीच समजावून सांगितली. सगळे म्हणाले, छान सांगितलंस.

दुपारी आम्ही तळ्यावर. इंजिन पहिल्याच ओढीत सुरू. वीसेक मिनिटं मजेत गेली, मग जोर कमी झाला, एकाच सिलिंडरवर धडधडल्यासारखं झालं आणि बंद. वारा सुटलेला. बोट हळूहळू पलीकडच्या लव्हाळ्यांकडे सरकायला लागली. मी दोरी ओढतोय, घामाघूम झालोय. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, सीबी पॉइंट बघ एकदा. आपल्या स्कूटरचं असंच व्हायचं."

आणि मी ओरडलो. "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. जरा गप्प बसता का?"

बाबा गप्प बसले. आई पाण्याकडे बघत राहिली. वल्हं मारत काठाला यायला तास लागला, आणि त्या तासात कुणी एक शब्द बोललं नाही.

गंमत म्हणजे संध्याकाळी धक्क्यावर उगाच दोरी ओढली, तर इंजिन पुन्हा पहिल्या ओढीत सुरू!

दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या पिंपात लावून चालवलं. थंड असताना टेस्टरवर पाव इंचाची फट ओलांडणारी निळी, कडक ठिणगी. तापल्यावर आधी पिवळट, मग काहीच नाही. म्हणजे कॉइल.

या इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक असतं, ते फिरलं की खालच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. पॉइंट उघडला की जाड तारेतला प्रवाह एकदम तुटतो, बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब येतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते.

नट काढून, पुलर लावून फ्लायव्हील वर घेतलं. हातोडी मारायची नाही, आतला शाफ्ट खराब होतो. खाली दोन कॉइल, प्रत्येक सिलिंडरला एक. दोन्हींच्या आवरणाला वयामुळे तडे गेलेले. एवढं जुनं इन्सुलेशन तापलं की धरत नाही. वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच तड्यातून शेजारच्या लोखंडात उतरते.

मी हातातल्या कॉइलकडे बघतच राहिलो. वीज तयार होत होती. कमी पडत नव्हती. ती वाटेत गळत होती.

मंडळी, आपलंही असंच नाही का? आपण म्हणतो, माझी साधना कमी पडते, अजून एक माळ वाढवू, अजून एक कोर्स करू. पण सकाळी जे कमावलं ते जातं कुठे? भगवंतांनी सगळी इंद्रियं बेलगाम झाली तर, असं म्हटलेलं नाही. एक पुरे, असं म्हटलंय. माझा तडा जिभेला होता. आणि थंड असताना तो दिसत नाही! पहाटे पाचला, उदबत्तीच्या वासात, प्रत्येकाची ठिणगी निळीच असते. खरी परीक्षा तापल्यावर.

ज्ञानेश्वरीत माउली इथे आणखी पुढे जातात. नाव काठाला टेकतानाच वादळात सापडली, तर टळलेलं संकट पुन्हा समोर येतं. तसंच पोचलेल्या माणसानेही इंद्रियांचे लाड केले, तर तो पुन्हा संसारदुःखात सापडतो. मग सकाळी छान बोलणाऱ्या माझ्यासारख्याची काय कथा!

तड्यावर चिकटपट्टी लावून भागत नाही, कॉइल बदलावी लागते. नवीन दोन मागवल्या. एकच गेली असती तरी दोन्ही बदलल्या असत्या, वय सारखंच ना. पण बसवण्याआधी मी बाबांकडे गेलो. म्हटलं, "बाबा, परवा चुकलो. पॉइंट तुम्ही लावून द्याल का?"

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसले. मी कॉइलची टोकं प्लेटच्या कडेशी बरोबर जुळवली. बाहेर राहिली तर फ्लायव्हीलला घासतात, फार आत गेली तर ठिणगी मंदावते. बाबांनी पॉइंट साफ केले, फीलर गेज घालून वीस हजारांश इंचाची फट लावली. हात जरा थरथरत होते, पण फट अचूक. पिंपात अर्धा तास चालवलं. तापल्यावरही ठिणगी निळी.

माझी जीभ मात्र एका दुपारी बदलत नाही. मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण, हे अर्जुनाने सहाव्या अध्यायात सांगितलं. भगवंतांनी ते नाकारलं नाही. अभ्यास आणि वैराग्य, एवढाच उपाय सांगितला. अभ्यास म्हणजे रोज उघडून बघणं.

आज झोपण्यापूर्वी माळ झाल्यावर एकच प्रश्न विचारूया : आज मी तापलो कधी, आणि तेव्हा काय गळलं? ज्याच्यावर ते सांडलं, त्याला उद्या एक फोन करूया. फट मोठी व्हायच्या आत.

राम कृष्ण हरी!