दोघांचाही माणूस

"दोघंही माझीच आहेत, मग मी एकाचाच कसा होऊ?" दादाचा प्रश्न एवढाच होता. त्याला तो माझ्यापुढे नीट मांडायलाच अर्धा तास लागला.

दादा वसमत तालुक्यात हळद करतो. मी हिंगोलीला वकिली करते. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात माल घेऊन आला की तो माझ्याकडे जेवायला थांबतो. या वेळी भाव बरा लागला होता, पण पट्टी खिशातून काढून दाखवण्याचंही त्याला सुचलं नाही. कारण ज्याच्या बांधाला दादाचा बांध आहे, जो शाळेपासूनचा त्याचा सोबती, त्याने बायकोविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला आहे. आणि ती बायको लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी दादाला राखी बांधते. दोन्ही घरांची हळद एकाच कुकरमध्ये शिजायची, एकाच ड्रमात पॉलिश व्हायची. वहिनी आणि ती एकाच बचत गटात होत्या. दोन वर्षांवर झाली, ती लेकीला घेऊन जिंतूरकडे माहेरी आहे. परवा मित्राने दादाला वकिलाकडे नेलं. शपथपत्राचा मसुदा तयार होता, फक्त सही राहिली होती.

"तू वकील म्हणून नको सांगू, बहीण म्हणून सांग," दादा म्हणाला.

"आधी वकील म्हणून ऐक. मग बहीण आहेच. शपथपत्रात काय लिहिलंय?"

"तिने मला फोनवर सांगितलं होतं, भाऊ, मी आता परत येणार नाही. तेवढंच."

"खोटं आहे?"

"खोटं नाही ना! म्हणून तर झोप नाही. खोटं असतं तर तिथंच उठून आलो असतो."

मी त्याला दाव्याचं मर्म समजावलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 प्रमाणे जोडीदाराने सलग दोन वर्षं सोडून दिलं असेल तर घटस्फोट मागता येतो. पण नुसतं घर सोडणं पुरत नाही. योग्य कारण नसताना सोडलं, हेही सिद्ध व्हावं लागतं. त्यासाठी पतीच्या वकिलाला तिच्या तोंडचं वाक्य हवं होतं, आणि ते दादाकडे होतं.

"पण तिने ते मला विश्वासाने सांगितलं. कोर्टात ते चालतं?"

"चालतं. नवराबायकोने एकमेकांना सांगितलेल्या गोष्टीला कायदा संरक्षण देतो. पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला देतो. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मित्राला सांगितलेल्या गोष्टीला ते नाही."

"म्हणजे मैत्रीत बोललेलं सगळं उघड्यावरचं?"

"कायद्याच्या लेखी, हो. ते झाकून ठेवायचं काम मित्रावरच सोडलेलं आहे."

यावर तो गप्प बसला. मलाही त्या क्षणी जाणवलं की जिथे कायदा हात लावत नाही, तिथेच माणसाची खरी परीक्षा असते. वकिलाने अशिलाचं गुपित फोडलं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. मित्राने फोडलं तर काहीच होत नाही. त्याला फक्त पुढच्या पौर्णिमेला राखी येणार नाही.

"ती एवढंच म्हणाली? परत येणार नाही, आणि फोन ठेवला?" मी विचारलं.

दादाने मान खाली घातली. "नाही. पुढं म्हणाली, त्या अंगणात मला पुन्हा ताट उचलायचं नाही."

मग त्याने ताटाची गोष्ट सांगितली. हळद काढणीचे दिवस होते. मजूर बायका जेवायला बसल्या होत्या, दादाही होता. मित्राच्या ताटातलं वरण निवलेलं होतं. त्याने ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. भाकरी हळदीच्या ढिगावर जाऊन पडली. ती आतून आली, ताट उचललं, रांजणावर धुतलं, भाकरी झटकून गायीला घातली, नवीन ताट वाढून आणलं. कोणी चकार शब्द काढला नाही. एका मजूर बाईने तेवढा पदर डोळ्याला लावला.

"मारलं नाही त्याने," दादा घाईने म्हणाला. "हात कधी उचलला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"सांग ना. तेही खरंच आहे. पण मसुद्यात वाक्याचा पुढचा अर्धा भाग कामून नाही?"

"वकील म्हणाला, त्याची गरज नाही."

"त्याला गरज नाही. तुला आहे. ती परत येणार नाही हे तुला ऐकून माहीत आहे, आणि का येणार नाही हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. ऐकलेलं सांगून पाहिलेलं गिळलंस तर शब्द न् शब्द खरा असूनही साक्ष खोटी होईल. आणि हेही लक्षात घे, सरतपासणी शपथपत्रावर भागेल, उलटतपासणीला तुला पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. तिचा वकील ताटाचं विचारेल. तेव्हा शपथेवर काय सांगशील?"

"खरं तेच सांगीन."

"मग त्याचा दावा तुझ्याच तोंडून ढासळेल. तो म्हणेल, मित्राने दगा दिला. आणि ती म्हणेल, भाऊ नवऱ्याचा साक्षीदार म्हणून आला. दोघंही गेली."

दादाचा विचार असा होता की मग साक्षच नको. ना त्याच्याकडून, ना तिच्याकडून. महाभारतात बलरामाने तेच केलं, दोन्हीकडे आपलीच माणसं म्हणून तो तीर्थयात्रेला निघून गेला. "मी आपला मधे राहतो," तो म्हणाला. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं. गावोगाव भली माणसं असंच म्हणतात, आणि त्यांच्या मनात खोट नसते. पण इथे मला बोलणं भाग होतं.

"दादा, तू बलरामासारखा कुठे निघून गेलायस? तू त्याच्या बांधावर आहेस. सकाळी मोटर चालू करायला गेलास की तो दिसतो. रात्री तो तुझ्या मळ्यात येऊन बसतो. त्याची बाजू तुला रोज ऐकू येते. तिची किती वेळा ऐकलीस?"

"तेवढा एकच फोन."

"मग याला मधे कसं म्हणायचं? आपल्याकडे लग्न मोडलं की पुरुष गावात राहतो आणि बाई गाव सोडते. तिचं घर जातं, बचत गट जातो, हळदीकुंकवाच्या बायका जातात, लेकीची शाळा जाते. कोणी ठरवून तिला तोडत नाही. सगळे आपापल्या जागी बसून राहतात, एवढ्यानेच ती तुटते. तू काहीच केलं नाहीस तरी तुझी मैत्री आपोआप त्याच्या वाट्याला जाते."

दादा आमच्याच मातीतला, म्हणून मी त्याला औंढ्याची आख्यायिका आठवण करून दिली. नामदेव महाराज आपल्या नर्सीचे. ते औंढा नागनाथाच्या देवळापुढे कीर्तन करत असताना त्यांना तिथून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ज्याला मागे ढकललं त्याच्याकडे तोंड करायला देवालाही जागचं हलावं लागलं.

"ते खरं," दादा म्हणाला, "पण तायडे, मागं कोण बसलंय हे तू ठरवून टाकलंस. तू बाईमाणूस, कोर्टात रोज बायकांचे खटले पाहतेस. मी त्याला पाहतो. त्याची आई आंधळी झालीय. तो पहाटे उठून तिच्यासाठी भाकरी थापतो, त्याही जळक्या. लेकीचा वाढदिवस झाला तेव्हा माझ्या मळ्यात बसून रडला. ताट त्याने भिरकावलं, मी नाही म्हणत नाही. पण तेवढाच तो नाही. पाणी आटलं त्या साली माझ्या हळदीला त्याने स्वतःच्या बोअरचं पाणी दिलं, आणि त्याच्या दोन एकर वाळल्या. हे कोणत्या शपथपत्रात लिहायचं?"

याला माझ्याकडे तोड नव्हती, आणि ती असावी असंही मला वाटलं नाही. खटल्यात माणूस दाव्याच्या कारणापुरता उरतो. तो त्याहून मोठा होता हे ज्याला ठाऊक असतं, तो मित्र. दादाने ते धरून ठेवावं. फक्त त्या मोठेपणाच्या आड ताट लपवू नये.

"घरात काय?" मी विचारलं.

"घरातच खरी पंचाईत. तुझ्या वहिनीने त्याच्या आईला डबा पाठवणं बंद केलं. म्हणते, माझ्या मैत्रिणीचं घर मोडणाऱ्याला माझ्या चुलीवरचं मिळणार नाही. मी म्हटलं, म्हातारीने काय केलं? तर दोन दिवस अबोला. दुसऱ्याचा घटस्फोट, आणि माझ्याच घरात दोन पक्ष."

वहिनीचा राग मला समजतो. तो प्रेमातूनच आलाय. तरी डबा बंद करणं मला पटत नाही, आणि हे मी वहिनीला फोन करून सांगितलं.

दादाला वाटत होतं, असं आपल्यावरच आलंय. म्हणून मी त्याला रखमाबाईंचा खटला सांगितला. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या सासरी गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायको नांदायला पाठवा म्हणून. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी रुग्णसेवा केली. तेव्हा अख्खा महाराष्ट्र दुभंगला होता. टिळक दादाजींच्या बाजूला, सुधारक मलबारी रखमाबाईंच्या.

"पण मला त्यातले डॉक्टर सखाराम अर्जुनच आठवतात," मी म्हटलं. "दादाजी त्यांच्याच नात्यातले होते. एकीकडे रक्ताचं नातं, दुसरीकडे बायकोची पहिल्या लग्नाची मुलगी. लोकांनी काय काय म्हटलं नसेल? तरी त्यांनी तिला नको असताना सासरी धाडलं नाही. निकाल ऐकायला ते उरले नाहीत, 1885 मध्येच गेले."

"म्हणजे त्यांनी बाजू घेतली."

"जिच्यावर जबरदस्ती होत होती तिच्या आड उभे राहिले. जिथे जबरदस्ती आहे, मारहाण आहे, जीव धोक्यात आहे, तिथे मधे उभं राहणं असूच शकत नाही. तुझ्या मित्राने हात उचलला असता तर मी तुला इतकं बोलूच दिलं नसतं, पोलीस ठाण्यात घेऊन गेले असते. इथं तसं नाही. म्हणून तुला दोघांना धरता येईल. मात्र दोघांना एकसारखं धरून चालणार नाही. त्याला तुझं तोंडावर खरं बोलणं हवंय. तिला तुझं जाणं हवंय."

दादाने बराच वेळ भाताची शितं बोटाने एका जागी गोळा केली. मग म्हणाला, "पूर्वी बरं होतं. आपल्या आजोबांच्या काळी काडीमोड पंचांपुढं व्हायची. मित्र, सोयरे, सगळे बसायचे, बोलायचे, निस्तरायचे."

हे अर्धं खरं आहे. अनेक जातींत रूढीने घटस्फोट होते, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कलम 29 मध्ये ती रूढी राखली आहे. मुंबई प्रांतात 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, इथे तो लागू नव्हता. त्यामुळे पंचांवाचून दुसरा दरवाजा नव्हता. पण पंच म्हणून बसलेले ते सगळे पुरुषच होते, आणि बाईचं म्हणणं तिचा बाप नाहीतर भाऊ मांडायचा. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. त्यातलं एकच मला हवंसं वाटतं. लग्नाला जेवून गेलेल्या माणसांना ते मोडतानाही आपलं काही देणं लागतं, असं तेव्हा वाटत असे.

"मग देणं फेड," मी म्हटलं. "त्याला सांग, आरोपांचा दावा सोड. दोघांची तयारी असेल तर परस्पर संमतीचा अर्ज करा. कलम 13-ब 1976 पासून आहे. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते केव्हाच झालं. मधला सहा महिन्यांचा काळसुद्धा योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय. लेकीची भेट, खर्च, तिचं सोनं, सगळं बसून ठरवता येतं. कोणी कोणावर चिखल फेकायची गरज नाही. तिच्या वकिलाशी मी बोलते."

"आणि त्याने ऐकलं नाही तर? सही करच म्हणाला तर?"

"तर सांग, बोलावणं आलं तर येईन, पण अर्धं वाक्य सांगायला येणार नाही. ताटाचंही सांगीन, बोअरच्या पाण्याचंही सांगीन. हे त्याला आज सांग, पिंजऱ्यात नको. आणि तिलाही कळव, की मला साक्षीला विचारलंय आणि मी असं म्हणालोय. दोघांनाही एकच गोष्ट, एकाच शब्दांत."

"तो बोलणं सोडेल माय माझ्याशी."

"सोडेल कदाचित. वर्षभर सोडेल. तू मोटर चालू करायला जाणं सोडू नकोस."

"आणि जिंतूरला जायचं म्हणतेस ते? ती म्हणेल, नवऱ्याचा हेर आला."

"पहिल्यांदा म्हणेल. म्हणून वहिनीला घेऊन जा. आणि म्हातारीच्या डब्याचं तिथेच, तिच्यासमोर वहिनीशी बोल. सासूला डबा बंद व्हावा असं तिलाही वाटत नसेल, मला खात्री आहे."

दादा उठला, हात धुतला, शपथपत्राचा मसुदा घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुझ्याकडं राहू दे. मला त्याच्याकडं जाऊन तोंडानेच सांगायचंय."

"आजच?"

"आज माल विकून आलोय, तो भाव विचारायला येईलच. तेव्हा सांगतो. तू तिचा नंबर लाव. तो भेटायच्या आधी तिला सांगू, की नंतर?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आधी तिला सांगितलं तर मित्राला वाटेल, ठरवून आलाय. आधी त्याला सांगितलं तर नेहमीप्रमाणे तिला सगळ्यात शेवटी कळेल. मी नंबर लावला.